स्वागतसमारंभाची यादी



व्याख्यानमालेचा आणि लग्नसराईचा हंगाम एकच असतो, ही आपल्या चालकांची जुनी अडचण आहे. चैत्र-वैशाखात मुलांच्या परीक्षा संपलेल्या असतात, संध्याकाळी वारा सुटतो, म्हणून व्याख्याने ठेवावीत. आणि नेमक्या त्याच कारणांसाठी लोक लग्ने ठेवतात. आज समोर ज्या थोड्या खुर्च्या रिकाम्या दिसतात, त्यांवर बसणारी मंडळी या घटकेस वाकड-हिंजवडीच्या बाजूला कोणत्या तरी लॉनवर हातात पाकीट धरून रांगेत उभी असतील. त्यांच्यामागे त्यांच्याच कार्याविषयी बोलावे असे मी ठरवले आहे.

चालकांना मी विषय कळवला तेव्हा त्यांनी जरा नाराजीनेच विचारले की, तुम्ही युनियनचे माणूस, तुम्ही कामगार चळवळीवर का बोलत नाही? मी म्हटले, हा कामगार चळवळीचाच विषय आहे. माझ्याकडे कर्जाची कागदपत्रे घेऊन जो माणूस येतो त्याला मी पहिला प्रश्न विचारतो, “कर्ज कशापायी काढले?” उत्तरे पुष्कळ असतात, पण दोन उत्तरे पुन्हापुन्हा येतात: एक दवाखाना, दुसरे लग्न. दवाखान्याची यादी आधी करता येत नाही. लग्नाची करता येते. किंबहुना आपल्याकडे लग्न ठरते तेच यादीवर. ‘यादी झाली’ म्हणजे लग्न पक्के झाले. आणि यादी करायला बसलेली माणसे शहाणी निघाली तर त्याच बैठकीत मुंडावळ्या बांधून ‘यादीपे शादी’ उरकून मोकळी होतात. या शब्दाविषयी मी पुढे बोलणारच आहे.

प्रथम हे लक्षात घ्या की लग्न हा विधी आहे, स्वागतसमारंभ हा विधी नाही. त्याला मुहूर्त नाही, भटजी नाही, अक्षता नाहीत, सप्तपदी नाही. कोणत्याही पोथीत त्याचा उल्लेख सापडणार नाही. तो करण्याची सक्ती ना धर्माने केली ना कायद्याने. असे असूनही आज लग्न नोंदणी कार्यालयात पंधरा मिनिटांत होते आणि स्वागतसमारंभाची तयारी सहा महिने चालते.

हा प्रकार आपल्याकडे शिरला तो मोठ्या साध्या वेषात. जुन्या पुण्यात लग्नाच्या संध्याकाळी पानसुपारी असे. अत्तराचे बोट, गुलाबदाणीचा शिडकावा, तबकातला विडा. पाहुण्याने वधूवरांस पाहावे, यजमानाशी दोन शब्द बोलावेत आणि घरी जाऊन आपल्या घरचे जेवावे. पुढे विड्याच्या जागी कॉफी आणि पेढा आला, त्यानंतर आइसक्रीमची बशी आली. माझ्या समजुतीप्रमाणे शहरातील पांढरपेशा नोकरदाराने हा काटकसरीचा तोडगा काढला होता. कचेरीतील मंडळी, चाळीतील शेजारी, ओळखीचे दुकानदार, या सर्वांना पंगतीस बसवणे परवडत नव्हते आणि टाळणेही बरे दिसत नव्हते. तेव्हा त्यांना संध्याकाळी आइसक्रीमवर बोलवावे. ज्याला जेवू घालता येत नाही त्याला बोलावण्याची ती युक्ती होती. मौज अशी की काटकसरीसाठी काढलेली ही पळवाट आज हमरस्ता झाली आहे, आणि सबंध लग्नात सर्वांत मोठा खर्च तिच्यावरच होतो.

हिंजवडीचे उदाहरण मी मुद्दाम घेतो, कारण माझे काम तेथे आहे आणि दोन प्रकारची लग्ने तेथे शेजारीशेजारी पाहावयास मिळतात. हिंजवडी हे मुळशी तालुक्यातले भाताचे गाव. चैत्री पौर्णिमेला म्हातोबाचे बगाड निघते, गळकरी बगाडावर चढतो, आणि हिंजवडीपासून वाकडपर्यंत माणसांचा समुद्र लोटतो. या गावाच्या रानात एका काळी साखर कारखाना व्हायचा होता. तो कासारसाईला गेला आणि येथे औद्योगिक विकास महामंडळाने आयटी पार्क उभारला. आज त्याचे तीन टप्पे आहेत आणि साऱ्या देशातील मुले-मुली तेथे कामाला येतात.

गावच्या लग्नात आदल्या दिवशी मांडवडहाळे असतात. बैलगाड्या सजवून आंब्या-जांभळाच्या डहाळ्या वाजतगाजत मांडवाला आणतात. हळदीला जेवणे, लग्नाला जेवणे. आणि अक्षतांपूर्वी व्यासपीठावरून पुढाऱ्यांचे शुभाशीर्वाद. मुहूर्त साडेपाचचा छापलेला असला तरी आमदारसाहेब येईपर्यंत मंगलाष्टके सुरू होत नाहीत. पत्रिकेत दोनशे नावे छापलेली असतात आणि एखादे राहिले तर भाऊबंदकीला पुढची दहा वर्षे विषय मिळतो.

आयटीमधल्या मुलाचे लग्न वेगळे. मुलगा अकोल्याचा, मुलगी कोल्हापूरची, किंवा एक इथला आणि एक थेट आंध्रातला. लग्न गावी होते. गावी कचेरीतली मंडळी जाऊ शकत नाहीत, म्हणून मग शनिवारी संध्याकाळी हिंजवडीजवळ ‘रिसेप्शन’. आमंत्रण मोबाइलवर येते, त्याला ‘येतो’ असे उत्तर जाते, आणि येणे न येणे भूमकर चौकातील वाहनांच्या रांगेवर अवलंबून राहते.

आता हे सर्व उधळेपणाचे आहे, गरिबाने हे करू नये, असे मी सांगेन अशी आपली अपेक्षा असेल. ते मी सांगणार नाही. गरिबाला काटकसरीचा उपदेश करणे हा फार जुना धंदा आहे. ज्या १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, त्याच साली १२ मे रोजी याच जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे पेटवले. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात ते नोंदलेले आहेत. सरकारने चौकशी आयोग नेमला. त्या काळी शहाण्या लोकांचे ठरलेले मत असे होते की, कुणबी लग्नात पैसा उडवतो म्हणून तो कर्जात बुडतो. आयोगाने हिशेब पाहिले आणि उलट निष्कर्ष काढला. लग्नखर्चाला कर्जाचे कारण म्हणून वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिले गेले आहे. ऐपतीच्या मानाने तो खर्च मोठा दिसतो खरा, पण असे प्रसंग आयुष्यात फार थोडे येतात, आणि वर्षांच्या हिशेबात पाहिले तर त्या स्थितीतल्या माणसाने आनंदासाठी एवढा खर्च करणे काही गैर नाही, असा त्याचा आशय आहे. कर्जाची खरी मुळे सारावसुली, नापिकी आणि व्याजात होती.

सरकारी आयोगाने गरिबाची बाजू इतकी स्वच्छ मांडल्याची उदाहरणे मी फारशी वाचलेली नाहीत. म्हणून मी आमच्या माणसाला लग्न करू नको, जेवण घालू नको असे कधी सांगत नाही. बारा तास पाळी करणाऱ्या सुरक्षारक्षकाच्या आयुष्यात त्याचे नाव मोठ्या अक्षरांत लिहिले जाते ते एकदाच, मुलीच्या लग्नाच्या कमानीवर. ते पुसून टाकायला सांगणारा मी कोण?

पण १८७५ च्या कुणब्यात आणि आजच्या कामगारात एक फरक आहे, आणि तो फरक आहेराचा आहे. गावच्या लग्नात आहेराची वही असे. कोणी किती दिले ते तीत लिहिले जाई, आणि त्या माणसाच्या घरी कार्य निघाले की वही काढून तेवढे, वर रुपया घालून, परत केले जाई. त्याला आपण मानपान म्हणून हसतो. वस्तुतः ती गावाची भिशी होती. भांडी देवळाची, सरपण रानातले, स्वयंपाकाला भावकीतल्या बाया, वाढायला आळीतली पोरे. लग्न एका घरचे असे पण खर्च साऱ्या गावाने थोडाथोडा आधीच भरून ठेवलेला असे. शहराच्या स्वागतसमारंभाने ‘कृपया आहेर आणू नये’ अशी सुसंस्कृत ओळ पत्रिकेवर छापली. ज्याची ऐपत आहे त्याने ती खुशाल छापावी. परंतु ज्याच्या बापाने तीस वर्षे दुसऱ्यांच्या वह्यांत आहेर लिहिला, त्यानेही शोभेसाठी तीच ओळ छापली, आणि वही बंद झाली. खर्च मात्र राहिला, आणि तो आता एकट्याच्या डोक्यावर आला.

एकट्याच्या डोक्यावर म्हणजे किती, ते पाहू. समजा पाचशे माणसे आणि ताटाचा दर सहाशे रुपये. तीन लाख झाले. यात लॉनचे भाडे नाही, सजावट नाही, ध्वनिक्षेपक नाही, फोटो नाहीत. हे तीन लाख सालाना १४ टक्के दराने पाच वर्षांसाठी कर्जाऊ काढले तर महिन्याचा हप्ता सात हजारांच्या आसपास बसतो आणि एकूण परतफेड ४ लाख १८ हजारांवर जाते. कंत्राटी कामगाराच्या अठरा-वीस हजारांच्या पगारातून सात हजार वजा करा. पाचशे माणसे तीन तासांत जेवून गेली, आणि हप्ता साठ महिने जेवतो आहे.

दुसरा मार्ग फंडाचा. १९५२ च्या भविष्य निर्वाह निधी योजनेत लग्नासाठी रक्कम काढण्याची सोय आहे. सात वर्षांचे सभासदत्व आणि आपल्या हिश्शाच्या निम्म्यापर्यंत, असा नियम दीर्घकाळ होता. २०२५ च्या ऑक्टोबरात निधीच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने हे नियम बरेच सैल करण्याचे ठरवले. कामगाराला आपला पैसा सुलभपणे मिळावा हे योग्यच आहे. पण फंड म्हणजे म्हातारपणाची भाकर, आणि ती जर मुलीच्या लग्नात लॉनवर वाढून टाकली तर पुढे साठाव्या वर्षी माणूस पुन्हा पहारेकरी म्हणूनच उभा राहतो. अशी माणसे मी दर आठवड्याला पाहतो.

मग उपाय काय? येथे मला यादीकडे यावे लागते.

दोन-तीन वर्षांपूर्वी आमच्या एका सभासदाच्या मुलीची यादी होती. सभासद एका इमारतीत साफसफाई कामगारांचा मुकादम. मुलगा आयटी कंपनीत, मुलगी पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत नोकरीला. मुलीकडून बोलायला म्हणून मला नेले होते. वाटाघाटीची सवय असलेला माणूस बरा, एवढाच विचार. लग्न मुलीकडच्या गावी साधेपणाने, दोन्ही बाजूंनी निम्मा खर्च, असे लवकर ठरले. गाडी अडली ती स्वागतसमारंभावर. मुलाकडच्यांचे म्हणणे, हिंजवडीजवळच्या लॉनवर समारंभ झाला पाहिजे, माणसे सहाशे, आणि तो मुलीकडच्यांनी करावा.

मी मुलाच्या वडिलांना म्हटले, “दादा, सहाशे कोण ते जरा सांगा. आपण नावेच लिहू.” लोकांना हा प्रश्न कोणी विचारत नाही. सहाशे हा आकडा हवेत असतो. कागद घेतला, मुलाला म्हटले, “तुमच्या ऑफिसातले कोण कोण?” तो लिहीत गेला. शेवेचाळीस नावे झाली. त्यातली दहा परगावी बदलून गेलेली. सोसायटीतली घरे बारा. वडिलांच्या कारखान्यातली माणसे तीस-पस्तीस. नातेवाईक तर सगळे लग्नालाच येणार होते. कितीही ताणले तरी आकडा दीडशेच्या पुढे सरकेना.

तेव्हा मुलाच्या आई बोलल्या. तोवर त्या आतल्या दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, “भाऊ, तुमचा कागद खरा आहे. पण मी सत्तावीस वर्षं लोकांच्या लग्नाला जातेय. कुणाला भांडं दिलं, कुणाला साडी दिली. माझ्या घरचं कार्य निघालं तेव्हा मी त्यांना बोलावू नको? त्यांनी म्हणावं, हिनं आमचं खाल्लं आन आम्हाला विसरली?”

सगळे गप्प झाले. त्या बाईंच्या बोलण्यात हाव नव्हती. ती त्यांची आहेराची वही होती, कागदावर नसलेली. ‘लोक काय म्हणतील’ या वाक्याची आपण थट्टा करतो, पण त्या वाक्यात पुष्कळदा ‘लोकांचे मी देणे लागते’ असा अर्थ असतो, आणि देणे बुडवावे असे मी तरी कोणाला सांगणार नाही.

मुलगी तेथेच बसली होती. ती म्हणाली, “आई, तुम्ही ज्यांचं खाल्लंत त्यांना आपण जेवू घालू. पण ते तुमचे पाहुणे, माझ्या बाबांनी कर्ज काढून का घालायचं? आम्ही दोघं कमावतो. आम्ही घालतो, आणि आम्हाला झेपेल तसं घालतो.” मुलाने मान डोलावली. त्याला ते आधीच ठाऊक असावे, असा मला संशय आहे. पण यादीत नवरदेवाने बोलायचे नसते, म्हणून तो गप्प होता.

शेवटी लॉन रद्द झाले. सोसायटीच्या सभागृहात रविवारी दुपारी पंगती बसल्या. आईंची माणसे एकशे ऐंशी झाली. मसालेभात, बटाट्याची भाजी, पुरी, मठ्ठा, जिलेबी. कचेरीतल्या मंडळींना संध्याकाळी चार वाजता त्याच सभागृहात चहा आणि बटाटेवडा. आहेर घेतला आणि वहीत लिहिला. सर्व गोड झाले असे नाही. मुकादमाने सोन्यासाठी फंडातून पैसे काढलेच, मी नको म्हणत असताना. परंतु तीन लाखांचे कर्ज टळले.

त्या यादीबरोबर आणखी एक यादी असते, ती कोणी करत नाही. १९६१ च्या हुंडाप्रतिबंधक कायद्याखाली १९८५ साली नियम झाले. वधूवरांना मिळालेल्या भेटींची लेखी यादी करावी. वस्तू कोणती, अंदाजे किंमत काय, दिली कोणी, त्याचे नाते काय, हे लिहून खाली वधूवरांनी सह्या कराव्यात, असे त्यांत सांगितले आहे. स्वागतसमारंभाच्या व्यासपीठावर वस्तूंचे फोटो निघतात, यादी निघत नाही. २०२५ च्या मे महिन्यात आमच्या मुळशी तालुक्यातील एका तरुण सुनेचा मृत्यू झाला, आणि तिच्या लग्नात दिलेल्या सोन्याची आणि मोटारीची चर्चा महाराष्ट्रभर झाली. ते प्रकरण न्यायासनापुढचे आहे, त्यावर मी बोलणार नाही. पण त्यानंतर पुणे आणि अहिल्यानगर भागात मराठा समाजाच्या बैठका झाल्या, लग्ने मोजक्या माणसांत करावीत, डीजे नको, लग्नापूर्वीची चित्रीकरणे नकोत, अशा आचारसंहिता ठरल्या. काही लोक त्यांना हसले. मी हसलो नाही.

कारण असे की, एकट्या माणसाने साधे लग्न करणे म्हणजे एकट्या कामगाराने संप करणे होय. एकटा संप करील तो कामावरून जातो. एकटा साधे लग्न करील तो ‘कंजूष’ ठरतो, आणि त्याच्या मुलीला ते सासरी ऐकावे लागते. दहा घरांनी मिळून ठरवले, की आपल्या आळीत समारंभ दुपारचा, पंगतीचा, दोनशे माणसांचा, तर कोणाची मान खाली जात नाही. ही गोष्ट नवी नाही. २५ डिसेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक पद्धतीने पहिला विवाह लागला. वर सीताराम आल्हाट, वधू राधा, आणि पुढाकार सावित्रीबाई फुल्यांचा. भटजी नव्हता आणि खर्च पानसुपारीपलीकडे फारसा नव्हता. हे त्या दोन कुटुंबांना पेलले, कारण त्याच वर्षी २४ सप्टेंबरला स्थापन झालेला सत्यशोधक समाज पाठीशी उभा होता. त्याच समाजाचे नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना बांधली आणि १८९० साली रविवारची सुट्टी मिळवून दिली. ज्या रविवारी आपण आता हे समारंभ ठेवतो तो रविवार लोखंड्यांचा आहे, हे जाता जाता सांगतो.

सरकारी हुकमाने साधेपणा येतो का? आपण तोही प्रयोग पाहिला. २०२१ च्या एप्रिलात, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, महाराष्ट्रात हुकूम निघाला: लग्न दोन तासांत, एका सभागृहात, पंचवीस माणसांत, मोडल्यास पन्नास हजार दंड. लग्ने लागली. ती आज मोडली असेही ऐकिवात नाही. पण हुकूम उठल्याबरोबर लॉन पुन्हा भरले, आणि काहींनी तर राहिलेला समारंभ वर्षानंतर मूल मांडीवर घेऊन केला. भीतीने जे होते ते भीतीबरोबर जाते.

आता ज्यांना लॉनवरच समारंभ करायचा आहे आणि ज्यांची ऐपतही आहे, त्यांच्याकरिता काही व्यवहाराचे बोलतो. मोर्चा काढणाऱ्याला माणसे, वेळ आणि वाट मोजावी लागते. तीच मोजणी येथे लागते.

चारशे पाहुणे म्हणजे साधारण एकशेतीस कुटुंबे. प्रत्येकाला व्यासपीठावर चढून, हात मिळवून, फोटो काढून उतरायला एक मिनिट धरा. एकशेतीस मिनिटे झाली, म्हणजे दोन तासांहून अधिक काळ वधूवर उभे. मध्ये पुढारी आले तर आणखी. पाहुणे रांगेत, आजीबाईंना पायऱ्या चढवत नाहीत, आणि रांग संपेपर्यंत वधूवरांनी सकाळपासून काही खाल्लेले नसते. ही रांग कोणी शोधून काढली कोण जाणे. वधूवरांनी खाली उतरून टेबलाटेबलाशी जावे. फोटोग्राफर कुरकुर करील, करू द्या.

दुसरे, ताटांची हमी. केटररशी ठराव होतो तो कमीत कमी ताटांचा. तेवढी उठली नाहीत तरी पैसे द्यावे लागतात, जास्त उठली तर मोजून. म्हणून हमी कमी आकड्याची द्यावी, आणि रात्री ताटे मोजताना घरचा एक माणूस तेथे उभा करावा. हे काम मामाला देऊ नका, मामाला मान हवा असतो. हिशेबी चुलतभावाला द्या. तिसरे, पदार्थांची दुकाने. पाणीपुरी, डोसा, पावभाजी, मस्तानी, जिलेबी-रबडी अशी पंधरा दुकाने लावली की माणूस प्रत्येक ठिकाणचे थोडे घेतो आणि सगळीकडचे थोडे टाकतो. पंगतीत वाढपी विचारून वाढतो म्हणून पान स्वच्छ उठते. आणि ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद, हा २००० सालचा नियम आहे. तो शेजारच्या इमारतीतल्या आजाऱ्याकरिता आहे.

आणि आता ज्यांच्यासाठी मी खरोखर येथे उभा आहे त्यांच्याविषयी. त्या लॉनवर पांढरा सदरा आणि काळा बो घालून जो मुलगा तुमच्यापुढे सूपचा पेला धरतो, तो बहुधा लातूर, नांदेड, बीड, धाराशिवकडून पुण्याला शिकायला आलेला असतो. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांत ‘कॅटरिंगला जाणे’ हा शब्दप्रयोग रूढ आहे. खोलीचे भाडे आणि खानावळीचे पैसे त्यातून निघतात. दुपारी तीनला त्याला टेम्पोतून आणतात. रात्री साडेबारापर्यंत तो उभा असतो. जेवण त्याला सर्वांत शेवटी, उरले तर. आत पोळ्या लाटणाऱ्या बाया आणि भांडी घासणाऱ्या मावश्या असतात, त्या तर पाहुण्याला दिसतही नाहीत. त्यांची हजेरी कुठे लिहिलेली नसते, हात भाजला तर औषध पदरचे. वरातीत डोक्यावर दिवे घेऊन चालणारी पोरे चौदा वर्षांच्या आतली असतात तेव्हा तर तो उघड गुन्हा असतो, २०१६ च्या दुरुस्तीनंतर अगदी निःसंशय. कायद्यांचे पुस्तक माझ्या पिशवीत आहे, पण लॉनवरच्या एका रात्रीला निरीक्षक पोचत नाही. यजमान पोचलेला असतो.

पुण्यात हमाल पंचायतीने १९७४ साली ‘कष्टाची भाकर’ सुरू केली. हमालाला, वाटसरूला स्वस्तात पोटभर झुणका-भाकर मिळावी आणि ती करणाऱ्या बायांना कायमचे काम मिळावे, अशी ती योजना. जेवण आणि जेवण करणारा, दोघांचा हिशेब एका वहीत मांडता येतो हे तिने दाखवले. पन्नास वर्षे झाली, तरी लग्नाच्या जेवणात तो हिशेब आपण मांडलेला नाही.

तो फार अवघड नाही. केटररशी ठराव करताना आपण ताटाचा दर लिहितो, पदार्थ लिहितो, पनीरच्या किती भाज्या ते लिहितो. त्याच कागदावर चार ओळी आणखी लिहून घ्याव्यात. वाढपी किती आणि प्रत्येकाला रोख किती, ते त्याच रात्री हातात. त्यांचे जेवण साडेसहाला, पाहुण्यांच्या आधी, तेच जेवण. अठरांच्या आतले कोणी नको. आणि रात्री काम संपल्यावर त्यांना खोलीपर्यंत पोचवणारी गाडी, कारण साडेबाराला हिंजवडीतून पुण्यात जायला बस नसते आणि ही मुले भूमकर चौकापर्यंत चालत येऊन तेथे कोणाच्या तरी दुचाकीला हात करत उभी असतात. हा खर्च चारशे ताटांच्या समारंभात ताटामागे फार तर काही रुपयांनी वाढतो. केटरर प्रथम नाही म्हणतो, मग दुसऱ्या केटररचे नाव काढले की हो म्हणतो. हे मी तीन लग्नांत करून पाहिले आहे. तिसऱ्या लग्नात मुलीच्या वडिलांनी स्वतःच सातच्या सुमारास आत जाऊन सगळी मुले जेवली का ते पाहिले, आणि दोन जण राहिले होते त्यांना बसवूनच ते व्यासपीठाकडे गेले. आमदारसाहेब तोवर येऊन थांबले होते.